मळक्या रेनकोटातला नट: अभिनयात उतरू पाहणाऱ्या एका मुलीस पत्र

प्रिय मुली,

ऑडिशन घेणाऱ्या माणसाने ‘एक डोळा कॅमेऱ्यात खटकतो’ असं तोंडावर सांगितलं आणि तेव्हापासून तू आरशापुढून हलत नाहीस, हे पत्रातून कळलं. शस्त्रक्रिया करून घेऊ का, बँकेची नोकरी सोडू का, आणि मोलकरणीची भूमिका देऊ करणारी ती मालिका धरू का, असं सगळं तू एका दमात विचारलं आहेस. डोळ्याचं डॉक्टरांना विचार. तिरळेपणावर उपचार असतील आणि तुला स्वतःला ते हवे असतील तर जरूर घे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्या माणसासाठी घेऊ नकोस.

उरलेल्या दोन प्रश्नांवर बोलते, पण एका अमेरिकन नटाला मध्ये घेऊन. त्याचं नाव पीटर फॉक. ‘कोलंबो’ मालिकेतला मळक्या रेनकोटातला पोलीस लेफ्टनंट तो. एक डोळा नसताना एवढा मोठा झाला, असं एका वाक्यात त्याचं चरित्र सांगून लोक मोकळे होतात. मला त्या वाक्याचा राग येतो. मधली सगळी वर्षं त्यात गायब असतात, आणि तुझ्या उपयोगाची तीच आहेत.

फॉकचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ चा, न्यूयॉर्कचा. वाढला तो शहराच्या उत्तरेला, हडसन नदीकाठच्या ऑसिनिंग गावात. आईवडिलांचं तिथे कपड्यांचं दुकान होतं. तीन वर्षांचा असताना त्याच्या उजव्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग निघाला आणि डोळा काढावा लागला. पुढे आयुष्यभर काचेचा डोळा. शाळेत बेसबॉल खेळताना पंचाने त्याला बाद दिलं, तर पठ्ठ्याने डोळा काढून पंचापुढे धरला, की घ्या, तुम्हालाच याची जास्त गरज दिसतेय. हा किस्सा तो म्हातारपणापर्यंत रंगवून सांगायचा. डोळ्यावर विनोद करायचा मान त्याने शाळेपासूनच स्वतःकडे ठेवला, दुसऱ्याला दिला नाही.

नट व्हायचं हे मात्र त्याने फार उशिरा ठरवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डोळ्यामुळे सैन्यात घेतलं नाही, म्हणून व्यापारी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला. मग हे कॉलेज, ते कॉलेज करत १९५३ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली. सीआयएत अर्ज केला, तिथे नकार मिळाला. शेवटी कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात, हार्टफर्ड शहरात, कारभार कार्यक्षम कसा करावा याचा सल्ला देणारा अधिकारी म्हणून चिकटला. आणि हा कार्यक्षमतेचा तज्ज्ञ पहिल्याच दिवशी ऑफिसची इमारत न सापडल्यामुळे उशिरा पोचला!

दिवसभर सरकारी फायली आणि संध्याकाळी ‘मार्क ट्वेन मास्कर्स’ या हौशी संस्थेची नाटकं, असं त्याचं चालू होतं. बँकेतून सुटल्यावर स्टँडवरून धावत तालमीला येणाऱ्या मुलीला हे आयुष्य वेगळं समजावून सांगायला नको. त्याच सुमारास वेस्टपोर्टच्या व्हाइट बार्न थिएटरात इव्हा ल गॅलिएन ही नामांकित अभिनेत्री वर्ग घेत होती. वर्ग फक्त व्यावसायिक नटांसाठी. फॉकने आपण व्यावसायिक आहोत अशी खुशाल थाप मारली आणि दर बुधवारी हार्टफर्डहून गाडी हाकत जाऊ लागला. दर वेळी उशीर व्हायचा. एके दिवशी बाईंनी विचारलं, तुम्ही नेहमी उशिरा का येता? तो म्हणाला, हार्टफर्डहून यावं लागतं. तिथे नाटक कुठे चालतं, मग तुमचं पोट कसं चालतं, असं बाईंनी खोदून विचारल्यावर थाप उघडी पडली आणि आपण व्यावसायिक नट नाही हे त्याला कबूल करावं लागलं. बाई त्याच्याकडे रोखून बघत म्हणाल्या, मग तुम्ही व्हायला हवं. तो परत गेला आणि नोकरी सोडली. हे साल १९५६. वय अठ्ठावीस-एकोणतीस.

आता तू लगेच राजीनामा लिहायला बसशील, म्हणून इथे थांबवते. ज्या बाईने त्याला हे सांगितलं तिचं त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिने न्यूयॉर्कमध्ये स्वतःची नाटक कंपनी उभी करून चालवली होती, आणि फॉकचं काम तिने आठवड्यामागून आठवडे समोर बसून पाहिलं होतं. पुढे एजंटच्या नावाने शिफारसपत्रही तिनेच दिलं. मी तुला ‘सोड नोकरी’ म्हटलं तर त्याला तेवढी किंमत देऊ नकोस. तू शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्यांदा उभी राहिलीस तेव्हापासून मी तुला बघतेय, माझा तराजू तुझ्या बाजूला झुकलेला आहे. ज्याला तुझ्याशी गोड बोलायची गरज नाही, अशा कुणाला तरी तुझं काम सलग काही महिने दिसू दे. पुण्या-मुंबईत कार्यशाळा चालतात, शनिवार-रविवारच्या असतात. तिथे जा. थाप मारायची गरज पडणार नाही, आणि पडली तर मला सांगू नकोस.

पुढे न्यूयॉर्कमध्ये काय झालं तेही ऐक. पहिलं व्यावसायिक काम मोलिएरच्या ‘डॉन जुआन’मधलं. ते नाटक एका प्रयोगात बंद पडलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीन ओनीलच्या ‘द आइसमन कमेथ’मध्ये दारूच्या गुत्त्यावरच्या नोकराचं काम मिळालं. हा प्रयोग अमेरिकन रंगभूमीच्या इतिहासात गेला, पण तो मुख्य भूमिका करणाऱ्या जेसन रोबार्ड्सच्या नावाने. गुत्त्यावरच्या नोकराने सगळ्यांना दारू द्यायची, टेबलं सांभाळायची, आणि चारेक तासांच्या त्या नाटकात बऱ्याच वेळा नुसतं इतरांचं बोलणं ऐकायचं. ऐकण्याचं काम किती अवघड असतं हे तुला ठाऊक आहे, गेल्या वर्षीच्या एकांकिकेत तू विंगेकडे बघत ऐकत होतीस. कोलंबो हे जे पुढे उभं राहिलं, त्यात अर्ध्याहून जास्त ऐकणंच आहे.

मग ऑडिशन. कोलंबिया पिक्चर्सने त्याची स्क्रीन टेस्ट घेतली. स्टुडिओचा मालक हॅरी कोन हा तोंडाचा फाटका माणूस. तेवढ्याच पैशांत मला दोन डोळ्यांचा नट मिळतो, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्याने फॉकला घरी पाठवलं. तुझ्या त्या माणसाने निदान ‘खटकतो’ असा शब्द वापरला. कोनचं बोलणं नीच होतं याबद्दल वाद नको, पण त्याने दुकानदाराचा हिशोब मांडला होता, अभिनयाची परीक्षा घेतलीच नव्हती. ऑडिशनच्या दारातून बाहेर येताना आपल्याला नेमकं कशात नापास केलं, हे ओळखायला शीक. उंची, वय, रंग, समोरच्या नटाशी जोडी जमणं यांत नापास झालीस तर घरी येऊन जेव आणि झोप. ‘वाक्य पोकळ वाटलं’ असं कुणी म्हणालं तर मात्र झोपू नकोस.

१९६० मध्ये ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’ हा लहानसा गुन्हेपट आला. ब्रुकलिनमधल्या खऱ्याखुऱ्या मारेकऱ्यांच्या टोळीवरचा. त्यातल्या एब रेलिसच्या भूमिकेसाठी फॉकला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. समारंभात ‘पीटर’ असं नाव पुकारलं गेलं, हा खुर्चीतून उठला, आणि पुढचं आडनाव निघालं उस्टिनोव्ह. बसता बसता शेजारच्या प्रसिद्धी-अधिकाऱ्याला म्हणाला, तुझी नोकरी गेली. पुढच्या वर्षी दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या चित्रपटासाठी पुन्हा नामांकन, तेही हुकलं. १९६२ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कामासाठी एमी, म्हणजे तिकडचा दूरचित्रवाणीचा मोठा पुरस्कार, मात्र मिळाली. त्यानंतर १९६५ मध्ये ‘द ट्रायल्स ऑफ ओब्रायन’ या मालिकेत नायक झाला, एक हुशार पण गबाळा वकील. मालिका एका हंगामात गुंडाळली गेली. म्हणजे दोन ऑस्कर नामांकनं आणि एक एमी खिशात असलेला चाळिशीचा माणूस १९६७ मध्ये पुन्हा ‘आता पुढे काय’ या जागी उभा होता. ही जागा तू फक्त सुरुवातीलाच येते असं समजतेस. ती परत परत येते.

कोलंबो त्याच्यासाठी लिहिलाच नव्हता. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकजोडीचं हे पात्र. १९६० मध्ये दूरचित्रवाणीवर बर्ट फ्रीडने ते केलं, नंतर रंगभूमीवर थॉमस मिचेल या बुजुर्ग नटाने. त्याच नाटकावरून दूरचित्रवाणीसाठी चित्रपट करायचं ठरलं तेव्हा लेखकांच्या मनात वयस्कर माणूस होता. गायक-नट बिंग क्रॉस्बीला विचारलं, तो नको म्हणाला. ली जे. कॉब हा नट मिळाला नाही. फॉकच्या हाती संहिता पडली आणि हा पोलीस मलाच करायचाय म्हणून तो मागे लागला. लेखकांना तो जरा तरुण वाटत होता. २० फेब्रुवारी १९६८ ला ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ प्रसारित झाला. तो मिळाला तर आवर्जून बघ, आणि मग १९७२-७३ मधला कुठलाही भाग बघ. पहिल्यात केस विंचरलेले, कोट बऱ्यापैकी धड, बोलण्यात धार. घोळ घालणारा, खिसे चाचपणारा, बायकोच्या गोष्टी सांगत वेळ काढणारा तो कोलंबो अजून पुरता जन्मलेला नाही. तो फॉकने नंतर एकेक वस्तू गोळा करत घडवला.

त्या वस्तूंबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझ्या मते या नटाचं सगळं शास्त्र तिथे आहे.

रेनकोट त्याचा स्वतःचा. न्यूयॉर्कमध्ये एकदा पावसात सापडल्यावर दुकानात शिरून घेतलेला. वेशभूषा विभागाने आणलेले कपडे बघून त्याला काहीच सुचेना, तेव्हा घरच्या कपाटातून हा काढला. लॉस एंजेलिसच्या उन्हात रेनकोट घालून फिरणारा पोलीस, यातली विसंगती कुणालाही सांगावी लागत नाही. गाडी निवडायची वेळ आली तेव्हा स्टुडिओच्या आवारात ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांतून त्याने कोपऱ्यातली मोडकळीला आलेली प्यूजो ४०३ दाखवली. त्यापुढे लेखक-निर्मात्यांना वाटलं, त्याला एक कुत्राही द्यावा. फॉक वैतागला. कोट आहे, गाडी आहे, सिगार आहे, आणखी किती सोंगं? मग त्याच्यासमोर एक म्हातारा, झोपाळू, लोंबत्या कानांचा बॅसेट हाउंड आणून ठेवला आणि तो विरघळला. ज्या वस्तूने माणूस वाढत नाही ती नको, हा त्याचा नियम होता. त्या कुत्र्याने माणूस वाढला.

‘आणखी एकच गोष्ट’ म्हणत दारातून परत फिरायची ती प्रसिद्ध लकब मात्र त्याची नव्हे. लेखकांनी नाटक लिहिताना एक प्रवेश लवकर संपवून टाकला होता आणि पान पुन्हा टंकलिखित करायचा कंटाळा आला, म्हणून पोलिसाला दारातून माघारी आणलं. पण फॉकने काय केलं बघ. त्या वाक्याआधी तो खिशात पेन्सिल शोधायचा, भलताच कागद काढायचा, किराण्याची यादी वाचायचा, आणि यातलं बरंचसं समोरच्या नटाला आधी न सांगता. समोर रॉबर्ट कल्प किंवा जॅक कॅसिडीसारखा रुबाबदार खुनी उभा. त्याच्या चेहऱ्यावरची चिडचिड मग करावी लागत नाही, ती आपसूक उमटते. या मालिकेत खुनी कोण हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवलेलं असतं. रहस्य उरत नाही, तेव्हा सगळा खेळ दोन माणसांच्या मधल्या हवेचा. तिथे खिशातली पेन्सिल संवादाइतकी बोलते.

आता डोळा. कोलंबोचं ते किलकिलं, तिरपं बघणं फॉकच्या डोळ्यामुळे आलं असं म्हणतात, ते खरंही असेल. पण व्यंगच वरदान ठरलं वगैरे जी भाषणं होतात, ती तू मनावर घेऊ नकोस. काचेचा डोळा अभिनय करत नाही. मालिकेत कोलंबोच्या डोळ्याबद्दल पंचवीसेक वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही. १९९७ च्या एका भागात ‘एकापेक्षा तीन डोळे बरे’ असं काहीतरी तो सहज बोलून जातो, बस्स. दोष लपवला नाही आणि मिरवलाही नाही. मला ही सभ्यता फार आवडते.

पण इथे एक गोष्ट तुझ्यापासून लपवणं बरं नाही. फॉक पुरुष होता. मळका कोट, विस्कटलेले केस आणि डोळ्यातला तिरपेपणा घेऊन १९६८ ते २००३ असा पस्तीस वर्षांचा काळ, मधला खंड धरूनही, एकच भूमिका करत नायक राहणं ही चैन त्या देशात त्या काळी बाईला मिळाली नसती. आज आपल्याकडेही मिळत नाही. तुझ्या चेहऱ्याकडे जास्त कडक नजरेने बघितलं जाईल. हे अन्यायाचं आहे, आणि ते माहीत असूनच तुला उतरायचंय.

मालिकेकडे येते. तुला भीती वाटते की एकदा मोलकरीण केली की जन्मभर मोलकरीणच राहीन. फॉकवरही शिक्का बसलाच. १९८७ मध्ये जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये तो पीटर फॉक म्हणूनच वावरतो आणि बर्लिनची पोरं त्याला बघून ‘कोलंबो’ म्हणून ओळखतात. शिक्क्याशी तो कुढत बसला नाही, त्याचे पैसे करून घेतले आणि ते पैसे दुसरीकडे नेले. जॉन कॅसाव्हेटिस हा त्याचा मित्र, स्टुडिओंना न जुमानता स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढणारा. १९७० च्या ‘हसबंड्स’मध्ये फॉकने त्याच्याबरोबर काम केलं. मग ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ला पैसे कुणी देईना, तेव्हा कॅसाव्हेटिसने घर गहाण टाकलं आणि फॉकने कोलंबोच्या कमाईतले पाच लाख डॉलर घातले. आपल्या रंगभूमीवर पदरमोड म्हणतात ती हीच, रक्कम तेवढी अमेरिकन. चित्रपट १९७४ मध्ये आला. त्यातला फॉकचा निक हा बांधकाम खात्यातला मुकादम. बायकोवर जीव टाकणारा आणि तिला समजून घेता न येऊन ओरडणारा, हात उगारणारा नवरा. बायको झालेल्या जीना रोलंड्सपुढे तो अंग आवरून उभा राहतो, प्रवेश तिच्या हवाली करतो. ती त्या भूमिकेसाठी ऑस्करला नामांकित झाली. कोलंबोची एकही लकब त्यात सापडत नाही, मी शोधून पाहिली. आणि ‘कोलंबो’च्या १९७२ मधल्या एका भागात खुनी झालाय तो हाच कॅसाव्हेटिस. इकडचा माणूस तिकडे, तिकडचा इकडे.

१९७१ च्या शरदात मालिकेचा पहिला हंगाम सुरू होता. त्यातला पहिला भाग चोवीस वर्षांच्या स्टीव्हन स्पीलबर्गने केलेला. त्याच सुमारास फॉक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, नील सायमनच्या नव्या नाटकात रोज रात्री उभा होता. मालिका गाजायला लागली की नाटक सुटतं असं तुला कुणीतरी सांगितलंय ना, त्याला हे कळव. अर्थात फरक आहे. कोलंबोचा एकेक भाग म्हणजे दीड-दोन तासांच्या वेळात बसणारा चित्रपटच असायचा, हंगामात मोजके व्हायचे, आणि मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा करून बघायचा हट्ट तो धरू शकायचा. आपल्या रोजच्या मालिकेत सकाळी पान हातात येतं आणि रात्री ते प्रसारित होण्याच्या घाईत असतं. तिथे हट्ट धरायला वाव मिळणार नाही. वस्तूंना मिळेल. मोलकरणीच्या साडीचा पदर कुठे खोचलेला असतो, ती घरात शिरताना चपला कुठे काढते, मोबाइल कुठे ठेवते, मालकीण बोलत असताना तिचे हात काय करतात, हे लेखक लिहीत नाही आणि दिग्दर्शकाला बघायला वेळ नसतो. तेवढी जागा पूर्ण तुझी.

तेव्हा माझं म्हणणं असं. मालिका धर, पण बँकेत आधी बिनपगारी रजा मिळते का बघ, राजीनामा नको. त्यांना महिन्याचे किती दिवस लागतील आणि पैसे किती दिवसांनी हातात येतील हे लेखी मागून घे. ‘बघू, होईल’ म्हणाले तर समज. मिळेल त्यातला काही भाग बाजूला टाक. ती नदीकाठच्या बायकांवरची संहिता तू दोन वर्षं घेऊन बसली आहेस, तिला कुणी निर्माता मिळणार नाहीये, तिचा पहिला प्रयोग तुझ्याच पैशांनी होईल. नेपथ्याला मी माणूस देते, तो उधारीवर काम करतो.

आणि तुझ्या गल्लीत चार घरी कामाला जाणाऱ्या ज्या मावशी आहेत, त्यांच्याबरोबर एक दिवस घालव. त्यांना आधी विचारून, आणि त्यांचा वेळ फुकट न घेता. परत आलीस की काय काय बघितलंस ते मला लिहून पाठव. निष्कर्ष नकोत, नुसत्या वस्तू आणि हातांच्या हालचाली लिही.

शनिवारी तालीम सातला आहे. या वेळी उशीर नको.

तुझी,
ताई